पात्याच्या टोंकाची फट

पावसाळ्याच्या रात्रीं घरांतील सगळीं दारें ओढून घेतलीं, खिडक्यांना अडसर घातले, तरी एखाद्या झडपेच्या कडेशीं बोटभरही नसलेली फट राहून जाते, आणि बाहेरचा सोसाट्याचा वारा नेमकी तीच वाट शोधून काढतो. दाराच्या एका अंगास हवेचा दाब अधिक आणि दुसऱ्या अंगास कमी असला म्हणजे मध्यें सांपडेल त्या वाटेनें हवा वेगानें निसटणारच. गृहस्थ उठतो, चिंधीचा बोळा कोंबतो आणि स्वस्थ निजतो. परंतु जें दार मिनिटाला हजारों फेरे फिरत आहे, आणि ज्याच्या फटींतून थंड वाऱ्याऐवजीं भट्टीपेक्षांही तप्त वायु निसटत आहे, त्या दाराला बोळा लावावयाचा कसा ? गेलीं सुमारें एकशें चाळीस वर्षें जगांतील कुशल यंत्रज्ञांना या प्रश्नानें झोप येऊं दिलेली नाहीं. टर्बाइन नांवाच्या यंत्राचा इतिहास पुष्कळ अंशीं या एका फटीचाच इतिहास आहे.

टर्बाइन म्हणजे बंद कवचांत फिरणारें पात्यांचें चक्र. पाणचक्कीला पाण्याचा लोट फिरवितो, तसें या चक्राला वाफेचा किंवा जळलेल्या वायूचा लोट फिरवितो. वीजघरांतील मोठीं जनित्रें याच चक्राच्या जोरावर चालतात. आकाशांतून जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या पोटांतही हेंच चक्र असतें. चक्रावरील प्रत्येक पातें बुंध्याशीं घट्ट बसविलेलें असतें, परंतु त्याचें टोंक मोकळें असतें. टोंक आणि कवच यांमध्यें थोडें अंतर ठेवावेंच लागतें, नाहींतर फिरतें पातें स्थिर कवचावर आपटून तुटेल. हें अंतर पुष्कळदां नखाच्या जाडीहून अधिक नसतें. एवढ्याशा अंतराला इतिहास तो काय असावा, असें प्रथम वाटतें. परंतु ज्या वायूनें पात्याला ढकलावयाचें तो पात्याला न ढकलतां त्याच्या डोक्यावरून निसटून गेला, तर त्याला तापविण्यासाठीं जाळलेलें इंधन तेवढ्यापुरतें व्यर्थ गेलें. आणि जातां जातां तो त्या टोंकालाही भाजून जातो. हानि अशी दुहेरी आहे.

या कथेचा आरंभ चार्ल्स पार्सन्स यांच्यापासून करणें योग्य होईल. त्यांचा जन्म १८५४ सालचा. त्यांचे वडील लॉर्ड रॉस हे आयर्लंडांतील बर येथील गढींत राहणारे मोठे ज्योतिर्विद; सहा फूट व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण त्यांनीं स्वतः तेथेंच घडविली होती. चार्ल्स यांना शाळेंत घातलें नाहीं. घरींच विद्वान शिक्षक ठेवून शिकविलें, आणि गढींतील कारखान्यांत हातोडा व कानस यांचा परिचय बालपणींच घडला. पुढें डब्लिन व केंब्रिज येथें गणिताचा अभ्यास करून १८७७ सालीं ते मानाच्या यादींत अकरावे आले. अशा पदवीधरानें वकिली किंवा अध्यापन पत्करावें ही त्या काळची रीत. यांनीं न्यूकॅसलजवळील एका मोठ्या कारखान्यांत उमेदवारी पत्करली.

त्या वेळीं वाफेचें यंत्र म्हणजे दट्ट्याचें यंत्र. दट्ट्या पुढें जातो, थांबतो, मागें येतो. त्याची धडधड मोठी आणि गति मर्यादित. नव्यानें निघालेल्या वीजजनित्राला तर वेगानें व अखंड फिरणारा दांडा हवा होता. वाफेनें चक्र सरळ फिरवावें ही कल्पना जुनीच. अडचण होती ती वाफेच्या वेगाची. कोंडलेली वाफ एकदम मोकळी सोडली तर ती सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेग घेते, आणि तिचा पूर्ण लाभ घ्यावयाचा तर पात्याचा वेग त्याच्या सुमारें निम्मा तरी पाहिजे. स्वीडनमध्यें गुस्ताफ द लावाल या दुधांतून साय वेगळी करणाऱ्या यंत्राच्या शोधकानें हा वेग तसाच पत्करला. तोटींतून वाफेचा झोत एकाच चक्रावर सोडून त्यानें तें मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरविलें. लहान कामाला ही युक्ति ठीक. मोठ्या कामाला तो वेग झेपणारा नव्हता.

पार्सन्स यांनीं वेगाशीं झुंज घेण्याऐवजीं त्याचे तुकडे पाडले. डोंगरावरून कोसळणारा ओढा पायऱ्या-पायऱ्यांनीं उतरवावा, तसा त्यांनीं वाफेचा दाब अनेक टप्प्यांनीं उतरविला. कवचाला स्थिर पात्यांची एक रांग, तिच्यामागें दांड्यावर फिरत्या पात्यांची एक रांग, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती, अशी मांडणी केली. प्रत्येक रांगेंत दाब थोडा थोडा उतरतो, म्हणून वाफेला कोठेंच बेफाम वेग येत नाहीं. १८८४ सालीं गेट्सहेड येथें त्यांनीं केलेलें पहिलें यंत्र अवघ्या दहा अश्वशक्तीचें होतें. तें मिनिटाला अठरा हजार फेरे घेई आणि त्याच दांड्यावर वीजजनित्र बसविलेलें होतें. तें मूळ यंत्र लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.

ही युक्ति विलक्षण खरी, पण तिनें एक नवा शत्रु घरांत घेतला. द लावालच्या यंत्रांत दाबाचा उतार सारा तोटींतच होऊन जाई. फिरत्या पात्याच्या पुढें व मागें दाब सारखाच, म्हणून टोंकावरून निसटण्याचें वाफेला विशेष कारण उरत नसे. पार्सन्स यांच्या यंत्रांत फिरत्या पात्याच्या दोन्ही अंगांस दाबाचा फरक मुद्दाम ठेविलेला; म्हणजे प्रत्येक रांगेच्या टोंकाशीं वारा शिरणारी ती खिडकीची फट आली. शिवाय जेथें दाब अधिक तेथें वाफ दाट, तिला जागा थोडी पुरते, आणि म्हणून तेथील पातीं आंखूड. हिशेब सोपा आहे. पातें शंभर मिलिमीटर उंच असून टोंकाशीं पाव मिलिमीटर फट असली, तर फट उंचीच्या चारशांव्या हिश्शाइतकी झाली. पण पातें दहाच मिलिमीटर उंच असेल, तर तीच पाव मिलिमीटर फट चाळिसाव्या हिश्शाइतकी झाली. वाफ जेथें सर्वांत मोलाची तेथेंच चोरी सर्वांत मोठी, असा हा उलटा न्याय होता.

मध्यंतरीं एक वेगळेंच संकट आलें. १८८९ सालीं पार्सन्स भागीदारांपासून वेगळे झाले आणि न्यूकॅसलजवळ हीटन येथें त्यांनीं स्वतःचा कारखाना काढला. परंतु दांड्याच्या दिशेनें वाफ वाहविण्याच्या यंत्राचे हक्क जुन्या पेढीकडेच राहिले. आपल्याच शोधाला हात लावण्याची चोरी झाली. तेव्हां त्यांनीं वाफ मध्यापासून परिघाकडे वाहणारें निराळें यंत्र रचिलें आणि पांच वर्षें त्यावर काढलीं. १८९४ सालीं हक्क परत मिळाले आणि ते पुन्हा मूळ मार्गावर आले.

त्याच सालीं ‘टर्बिनिया’ हें सुमारें शंभर फूट लांबीचें चिमुकलें जहाज पाण्यांत उतरलें. पहिल्या चांचण्यांत निराशा झाली. चक्र इतकें वेगानें फिरे कीं पाण्यांतील मळसूत्री पंख्याभोंवतीं पोकळी पडे आणि जोर वायां जाई. पार्सन्स यांनीं यंत्र बदलून तीन टर्बाइनें, तीन दांडे आणि प्रत्येक दांड्यावर तीन पंखे अशी रचना केली. २६ जून १८९७ रोजीं राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथें आरमाराची पाहणी चालली असतां हें जहाज युद्धनौकांच्या रांगांमधून वाऱ्यासारखें निघून गेलें. त्याचा वेग चौतीस सागरी मैलांच्या वर होता. त्याला गांठील अशी नौका तेथें नव्हती.

या विजयानंतर लगेच परीक्षेचा काळ आला. टर्बाइन बसविलेल्या ‘व्हायपर’ व ‘कोब्रा’ या दोन विनाशिका १९०१ सालीं सात आठवड्यांच्या आंत बुडाल्या. पहिली धुक्यांत खडकावर गेली. दुसरी उत्तर समुद्रांत मधोमध मोडली आणि तिच्याबरोबर साठांहून अधिक माणसें गेलीं. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यांतील सहकारीही होते. दोष टर्बाइनचा नव्हता, तरी शंका घेणाऱ्यांना निमित्त मिळालें. पार्सन्स यांनीं काम सोडलें नाहीं. १९०६ सालीं पाण्यांत उतरलेल्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेला टर्बाइनच बसविलें गेलें. १९०७ सालीं ‘मॉरिटानिया’ हें प्रवासी जहाज निघालें, आणि अटलांटिक ओलांडण्याच्या वेगाचा मान तिनें पुढें सुमारें वीस वर्षें राखिला. इकडे वीजघरांत दहा अश्वशक्तीच्या त्या खेळण्याचें १९१२ पर्यंत पंचवीस हजार किलोवॅटचें यंत्र झालें होतें.

यंत्रें मोठीं झालीं, पण फट तेथेंच होती. किंबहुना तिला सांभाळणें हेंच टर्बाइन चालविणाऱ्याचें मुख्य कौशल्य होऊन बसलें. कारण तापलेली धातु फुगते. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव चढवितो तेव्हां ती आधीं तापवून लाल करतो. फुगलेली धांव लांकडी चाकावर सहज बसते, आणि पाणी ओतलें कीं आकसून चाकाला घट्ट आवळते. टर्बाइनांतही कवच म्हणजे धांव आणि फिरता दांडा म्हणजे चाक. दोघेही तापतात, पण एकाच वेळीं नाहीं आणि सारखेही नाहींत. कवच आधीं फुगलें तर फट रुंदावते आणि वाफ निसटते. दांडा आधीं फुगला तर टोंकें घासतात आणि एकामागून एक पातीं मोडून पडतात.

म्हणून मोठें वाफ-टर्बाइन सुरू करतांना त्याला हळूहळू ऊब द्यावी लागते. बंद करतांना तर अधिकच सावधगिरी. कारण उष्णता वर चढते, दांड्याची वरची बाजू उशिरां निवते, आणि स्थिर पडलेला जड दांडा किंचित् धनुष्यासारखा वांकतो. तो वांकूं नये म्हणून यंत्र थांबल्यावरही त्याला तासन्‌तास मंद गतीनें फिरवीत ठेवतात. पार्सन्स यांच्या पद्धतीच्या पात्यांचीं टोंकें मुद्दाम सुरीच्या धारेसारखीं पातळ करीत. चुकून घासलीं तर ती पातळ धार तेवढी झिजावी, पातें वांचावें. पुढें अशीही योजना निघाली कीं पात्यांच्या डोक्यांवर पट्टी बसवावी, तिची पातळ कड शेजारच्या स्थिर भागासमोर आणावी, आणि यंत्र पुरतें तापल्यावर सारा दांडाच लांबीच्या दिशेनें किंचित् सरकवून ती फट हातानें कमी करावी. फट नाहींशी करतां येत नाहीं, पण तिला वेळ पाहून लहान-मोठी करतां येते, हा धडा येथें प्रथम मिळाला. पार्सन्स यांना १९२७ सालीं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मान मिळाला. ११ फेब्रुवारी १९३१ रोजीं जमेका बेटाजवळ जहाजावरच त्यांचें निधन झालें. तें ‘डचेस ऑफ रिचमंड’ जहाज टर्बाइनवर चालणारें होतें.

वाफ सोडून जळलेल्या वायूनेंच चक्र फिरवावें हा विचारही जुना. पण तेथें फटीनें दिलेली शिक्षा अधिक कडक होती. वाफेच्या यंत्रांत बाष्पकांत पाणी ढकलण्यास शक्ति थोडी लागते. वायूच्या यंत्रांत आधीं हवा दाबावी लागते, मग तींत इंधन जाळावें लागतें, आणि निघालेल्या तप्त वायूनें फिरणारें चक्र आपल्या शक्तीचा मोठा भाग हवा दाबण्यांतच खर्च करतें. नॉर्वेमध्यें एगिडियस एलिंग यांनीं १९०३ सालीं स्वतःचा खर्च भागवून थोडी शक्ति शिल्लक टाकणारें असें पहिलें यंत्र चालविलें. शिल्लक होती अवघी अकरा अश्वशक्ति.

१९३९ सालीं स्वित्झर्लंडांतील नूशातेल येथें वायु-टर्बाइनवर चालणारें वीजघर उभें राहिलें. त्याचे आंकडे बोलके आहेत. चक्र निर्माण करी सुमारें १५,४०० किलोवॅट. त्यांतले ११,४०० हवा दाबण्यांत जात. वीज करण्यास उरत ४,०००. आतां पात्यांच्या टोंकावरून गळती होऊन चक्राच्या शक्तींत शेंकडा एक तूट आली असें धरूं. ती तूट १५४ किलोवॅटची; पण ती भरून निघणार त्या चार हजारांतून. म्हणजे चक्राची शेंकडा एक तूट मालकाच्या पदरांत शेंकडा जवळजवळ चार होऊन पडते. मोठ्या उलाढालीच्या पण थोड्या नफ्याच्या दुकानदाराला जसें एखादें लहानसें नुकसानही बुडवितें, तसेंच हें.

विमानाच्या कामीं तर हीच गोष्ट जीवनमरणाची ठरली. फार्नबरो येथील ए. ए. ग्रिफिथ यांनीं १९२६ सालीं दाखवून दिलें कीं टर्बाइनचें पातें हें वास्तविक विमानाच्या पंखाचेंच भावंड आहे. त्याच्या आकाराचा विचार पंखाच्या शास्त्रानें केला पाहिजे. हवाई दलांतील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल यांनीं १९३० च्या जानेवारींत आपल्या कल्पनेचा हक्क नोंदविला आणि १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथें त्यांचें पहिलें यंत्र गर्जूं लागलें. जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यांच्या यंत्रावर २७ ऑगस्ट १९३९ रोजीं पहिलें झोत-विमान उडालें. ब्रिटनचें १५ मे १९४१ रोजीं. युद्धकाळीं निकेलचा तुटवडा पडल्यामुळें जर्मन यंत्रज्ञांना पोलादाचीं पोकळ पातीं करून तीं आंतून हवा खेळवून थंड ठेवावीं लागलीं. त्या यंत्रांचें आयुष्य थोड्याच तासांचें असे. परंतु पोटांत थंड हवा खेळविण्याची ही कल्पना नंतर सर्वांनींच उचलली.

पातें पंखाचें भावंड ठरल्यावर त्याच्या टोंकाशीं काय घडतें याचाही उलगडा होऊं लागला. पंखाच्या खालीं दाब अधिक, वर कमी. म्हणून पंखाच्या टोंकावरून हवा खालून वर वळसा घेते आणि विमानामागें भोंवऱ्यांच्या दोन शेंपट्या सुटतात. टर्बाइनच्या पात्याचेंही तसेंच. त्याच्या पोटाकडे दाब अधिक व पाठीकडे कमी. टोंकाच्या फटींतून वायु पोटाकडून पाठीकडे धांवतो, बाहेर पडतांच मुख्य प्रवाहाशीं आदळतो आणि त्याचा भोंवरा होतो. डी. ए. रेन्स यांनीं कॅलिफोर्नियांत १९५४ सालीं दाबयंत्रें व पंप यांच्या पात्यांविषयीं या प्रवाहाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें जे. पी. बिंडन यांनीं फटीच्या आंतच मापें घेऊन १९८९ सालीं दाखविलें कीं वायु पोटाच्या कडेवरून वळतांना टोंकाच्या पृष्ठापासून सुटतो. कडेला लागून एक लहानशी फिरती पोकळी होते आणि प्रवाह तेथें आंखडतो. अरुंद बोळांत कोपऱ्यावरून धांवत वळणारी मुलें जशीं आंतल्या भिंतीपासून दूर फेंकलीं जातात, तसाच हा प्रकार.

व्हिटल यांच्याच नांवानें चालणाऱ्या केंब्रिजमधील प्रयोगशाळेंतील जॉन डेंटन यांनीं १९९३ सालीं या सर्व नुकसानीचा हिशेब मांडला. त्याचें सार असें कीं निसटलेला वायु काम करीत नाहीं एवढ्यावरच भागत नाहीं; तो निराळ्या दिशेनें व निराळ्या वेगानें येऊन मुख्य प्रवाहांत मिसळतो, आणि त्या मिसळण्यांतच शक्तीचा मोठा नाश होतो. शांतपणें चाललेल्या मिरवणुकींत आडव्या गल्लींतून लोंढा घुसावा आणि साऱ्यांचीच चाल बिघडावी, त्यांतला हा प्रकार. टर्बाइनच्या एका टप्प्यांत जें एकंदर नुकसान होतें त्याचा एक तृतीयांशापर्यंत भाग कित्येकदां या नखाएवढ्या फटीच्या पदरीं घालावा लागतो.

येथवर गळतीची गोष्ट झाली. भाजण्याची निराळीच आहे. नव्या विमान-यंत्रांत पात्यांवर येणारा वायु १६०० अंशांहूनही तप्त असतो, आणि पातें ज्या निकेलच्या मिश्रधातूचें असतें ती धातु सुमारें १३०० ते १४०० अंशांवर वितळते. पातें टिकतें तें केवळ त्याच्या पोटांतील नागमोडी वाटांतून व कातडीवरील बारीक छिद्रांतून वाहणाऱ्या हवेमुळें. परंतु टोंक हें घराच्या कोपऱ्यासारखें आहे. त्याला पोट, पाठ आणि माथा अशा सर्व बाजूंनीं ऊन लागतें, आणि आंतली थंड हवा तेथवर पोंचेपर्यंत स्वतःच कोमट झालेली असते. त्यांत भर अशी कीं फटींतून धांवणारा वायु कडेशीं सुटून पुन्हा टोंकाच्या पृष्ठावर येऊन टेकतो. एरवीं पृष्ठाला चिकटून असलेला मंद वायूचा थर गोधडीसारखें काम करतो. जेथें प्रवाह असा येऊन आदळतो तेथें ती गोधडी उडून जाते आणि धातूला सर्वांत अधिक चटका बसतो.

हा चटका मोजणें सोपें नव्हतें. मिनिटाला हजारों फेरे घेणाऱ्या, अंगठ्याएवढ्या पात्याच्या माथ्यावर तापमापक लावावयाचा तरी कोठें ? आर. ई. मेल व डी. ई. मेट्झगर या अमेरिकन संशोधकांनीं १९८२ सालीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं टोंकाला सरासरीनें मिळणारी उष्णता मुख्यतः दोन अंगांमधील दाबाच्या फरकावर अवलंबून असते. समोरचें कवच सरकतें आहे कीं स्थिर आहे यानें तींत फारसा फरक पडत नाहीं. दिसावयास हें साधें विधान आहे, परंतु त्यामुळें पात्याची मोठी, स्थिर प्रतिकृति करून तिच्यावर निवांतपणें मापें घेण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतरच्या कित्येक प्रयोगशाळांचें काम याच वाटेनें गेलें.

औषध म्हणून जे उपाय निघाले त्यांत एकही निर्दोष नाहीं. एक उपाय म्हणजे पात्याचा माथा सपाट न ठेवतां परातीसारखा करणें. भोंवतीं पातळ उभा कांठ आणि मध्यें खळगा. फटींतला वायु एक कांठ ओलांडून खळग्यांत पडतो, तेथें घोंटाळतो, आणि दुसरा कांठ ओलांडतांना त्याचा जोर कमी झालेला असतो. घासलाच तर कांठ तेवढा घासतो. परंतु पातळ कांठाला दोन्ही बाजूंनीं आंच लागते आणि तोच आधीं जळतो. कांठ जळला कीं फट वाढते. फट वाढली कीं अधिक वायु शिरतो. अधिक वायु शिरला कीं कांठ अधिक जळतो. दुसरा उपाय म्हणजे पात्यांच्या डोक्यांवर एकमेकांस जुळणाऱ्या टोप्या बसवून कडेनें गळती अडविणें. ब्रिटनच्या रोल्स-रॉइस कारखान्यानें पुष्कळ काळ हा मार्ग धरला. पण टोपीचें वजन पात्याच्या टोंकाशीं येतें, आणि त्या वेगांत मासाभर वजनाचाही केवढा ओढा होतो हें गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला सांगावयास नको. तिसरा उपाय म्हणजे कवचाच्या आंतल्या अंगास झिजणारें मऊ अस्तर लावून पात्यालाच आपली वाट कोरून घेऊं देणें. प्रत्यक्षांत यंत्रपरत्वें यांतील एक-दोन उपाय एकत्र योजावे लागतात.

सर्वांत सुंदर उपाय मात्र लोहाराच्या धांवेचाच आहे. विमान उड्डाण करतें तेव्हां चक्र एकदम वेग घेतें; पातीं व चक्र त्या वेगानेंच ताणलीं जातात, आणि पातळ कवच पाठोपाठ तापून फुगतें. जाड चक्र मात्र तापावयास वेळ घेतें. म्हणून पहिल्या कांहीं क्षणांत फट अगदीं बारीक होते, मग रुंदावते, आणि विमान उंचावर स्थिर गतीनें जाऊं लागल्यावर, जेथें तासन्‌तास इंधन जळावयाचें असतें तेथेंच, ती गरजेहून मोठी राहते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या विमान-यंत्रांत अशी योजना होऊं लागली कीं उंचीवर पोंचल्यावर कवचाभोंवतीं गुंडाळलेल्या नळ्यांतून गार हवेचे फवारे सोडावे. लोहारानें पाणी ओतावें तशी कवचाची धांव आकसते आणि फट आवळली जाते. उतरतांना किंवा वेग एकाएकीं बदलतांना फवारे वेळींच आवरले नाहींत, तर तीच आवळलेली धांव पात्यांना घासेल. म्हणून हें नियंत्रण नाजूक आहे.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. अमेरिकेच्या नासा संस्थेंतील संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, मोठ्या विमान-यंत्राच्या पहिल्या चक्राशीं ही फट पाव मिलिमीटरनें कमी झाली तर इंधन शेंकडा सुमारें एक वांचतें आणि बाहेर पडणारा वायु सुमारें दहा अंशांनीं निवतो. दहा अंशांचें महत्त्व इंधनाइतकेंच आहे. टोंकें झिजत जातात तसतसा तोच जोर मिळविण्यासाठीं यंत्राला अधिक तापावें लागतें. तापमान ठरलेल्या मर्यादेस पोंचलें कीं यंत्र विमानावरून उतरवावेंच लागतें. वीजघरांतही हाच न्याय. महाराष्ट्रांत उरण येथें १९८२ सालीं समुद्रांतील नैसर्गिक वायूवर चालणारें टर्बाइन-केंद्र सुरू झालें. अशा कोणत्याही केंद्रांत पात्यांचीं टोंकें शाबूत राहणें म्हणजे तितक्याच वायूंत अधिक घरांचे दिवे लागणें होय.

पार्सन्स यांचें पहिलें यंत्र आणि आजचें विमान-यंत्र यांत साम्य शोधूं गेलें तर थोडेंच सांपडेल. पितळेच्या जागीं निकेलचे एकसंध स्फटिक आले, दहा अश्वशक्तीच्या जागीं हजारों आल्या, कानशीच्या जागीं गणकयंत्र आलें. परंतु त्या दिवशीं गेट्सहेडच्या कारखान्यांत फिरत्या पात्याच्या टोंकाशीं जी फट होती ती आजही आहे, आणि पातें फिरतें असेतोंपर्यंत ती राहणार. ती बुजवितां येणार नाहीं हें यंत्रज्ञांनीं लवकरच ओळखलें. मग तिच्यांतून काय जातें, कसें जातें आणि जातां जातां काय जाळतें हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या चिकाटीनें शोधून काढलें. आजचें विमान पूर्वीच्या विमानाहून थोड्या इंधनांत समुद्र ओलांडतें, त्यांत या शोधाचाही वांटा आहे.